इतिहासाच्या प्राध्यापकाचं शिक्षण आणि अनेक देशांचा एक वर्ग

इतिहासाचा प्राध्यापक व्हायला काय शिकावं लागतं आणि वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांना शिकवणं कसं असतं, असं तुम्ही विचारलंय.

शिक्षणाचं लवकर सांगून होतं. बी.ए., एम.ए., मग पीएच.डी. ब्रिटनमध्ये पीएच.डी. म्हणजे बहुतेक वेळा थेट प्रबंध, तीन-चार वर्षांत. अमेरिकेत आधी तासिका, मग सर्वंकष परीक्षा, त्यानंतर प्रबंध. सहा-सात वर्षं सहज जातात. शिवाय ज्या भाषेत तुमची कागदपत्रं आहेत ती वाचता आलीच पाहिजे, तिथे पळवाट नाही. आणि एवढ्याशा विषयावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला नोकरी लागताच शिकवायला देतात काय, तर आधुनिक जगाचा इतिहास! माझंही तेच झालं.

मी पहिल्या तासाला एकच प्रश्न टाकतो: दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं? पोलंडची मुलगी १ सप्टेंबर १९३९ सांगते, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तो दिवस. चीनचा मुलगा ७ जुलै १९३७, म्हणजे बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरची जपानी आणि चिनी सैन्यांतली चकमक. रशियन विद्यार्थ्याचं युद्ध २२ जून १९४१ ला, जर्मनी सोव्हिएत संघावर चालून गेली तेव्हा सुरू होतं, अमेरिकनाचं पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात. भारतीय विद्यार्थी बहुधा ३ सप्टेंबर १९३९ वर येतो, कारण त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोंनी कुणा भारतीय नेत्याला न विचारता देशाला युद्धात ओढलं. १९४३ चा, म्हणजे चर्चिल ब्रिटनचा पंतप्रधान असतानाचा, बंगालचा दुष्काळ निघाला की त्याला फक्त नायक म्हणून शिकलेली मुलं गप्प होतात. यातली एकही तारीख खोटी नाही. मी लगेच निवाडा करत नाही. प्रत्येकाला आपल्या तारखेसाठी एक मूळ कागद आणायला लावतो. पीएच.डी.तलं कागद तपासण्याचं शिक्षण खरं कामी येतं ते इथे. पाठ असलेल्या सनावळ्यांचा उपयोग फारसा होत नाही.

अडचण येते ती निराळीच. काही देशांत शिक्षकाचं म्हणणं खोडणं हा उद्धटपणा समजला जातो. अशी मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत आणि नवखा प्राध्यापक त्यांना 'ढ' ठरवून मोकळा होतो. (मला याचा भयंकर राग येतो.) मी आदल्या दिवशी अर्ध्या पानाचं टिपण मागवतो आणि तासाची सुरुवात त्यातल्याच एखाद्या आक्षेपाने करतो, नाव न घेता. दोन-तीन आठवड्यांत ज्याचा तो आक्षेप असतो तो स्वतःच बोलायला लागतो.