गाडीचे पुढचे एक्सल शाफ्ट आणि ऑइल सील घरी बदलता येतात का? काय लागतं आणि किती वेळ जातो?

येतात. एक्सल शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोचवणारा दांडा, आणि ऑइल सील म्हणजे तो गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे तेल अडवणारं रबरी कडं. मी चारदा बदललेत, त्यात तीन वेळा डाव्याच बाजूचं सील. ते तीन वेळा का, हे सांगायलाच हे उत्तर लिहायला बसलोय. हत्यारांची यादी तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

वळताना पुढून कट-कट आवाज यायला लागला. खाली वाकून पाहिलं तर शाफ्टच्या चाकाकडच्या सांध्याचा, म्हणजे बाहेरच्या जॉइंटचा, रबरी बूट (आवरण) फाटलेला आणि चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं. माझ्या मेव्हण्याकडे त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा शाफ्ट पडून होता. "भाऊजी, नवा कशाला घेताय? हा जवळजवळ नवाच आहे, जॉइंट बघा किती घट्ट." जॉइंट खरंच घट्ट होता. घेतला.

काढताना मी एक गाढवपणा केला. आतलं टोक गिअरबॉक्समधून सुटेना म्हणून शाफ्ट धरून जोरात बाहेर ओढला. आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते बुटाच्या आतच निसटले आणि शाफ्ट हातात लोंबकळत राहिला. जुनाच होता म्हणून निभावलं. आतल्या जॉइंटचा कप आणि गिअरबॉक्सचं आवरण यांच्यामध्ये टॉमी (उचकटायची सळई) घालून एकच नेमका झटका द्यायचा, की टोकावरची सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी तारेची कडी) सुटते. शाफ्टला धरून कधीही ओढायचं नाही.

नवं सील ठोकलं, मेव्हण्याचा शाफ्ट बसवला, तेल भरलं. आठवड्याभरात गिअरबॉक्सखाली थेंब. मेव्हणा आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "सील वाकडं बसवलंत तुम्ही." मग दुसरं आणलं. या वेळी जुनं सील नव्यावर पालथं ठेवून चहूबाजूंनी हलक्या हातानं ठोकलं, चार ठिकाणी खोली मोजली, ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला, गिअर ऑइल लावलं, स्प्रिंगची बाजू आत तेलाकडे आहे हे दोनदा तपासलं. शाफ्ट आत सरकवताना त्याचं वजन तळहातावर तोललं, कारण टोकाच्या दात्यांनी ओठ खरवडला तर नवं सील तिथेच संपतं. टक् आवाज येईपर्यंत हात काढला नाही. दहा दिवसांनी पुन्हा थेंब. मेव्हण्याचं निदान तेच, फक्त आता ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं जाऊ लागलं. बायको आम्हा दोघांनाही ओळखते, त्यामुळे तिनं मत दिलं नाही.

तिसऱ्यांदा शाफ्ट काढला तेव्हा सीलकडे बघितलंच नाही. शाफ्ट कोरड्या कापडानं पुसला आणि सीलचा ओठ जिथे टेकतो त्या पट्ट्यावर नख आडवं फिरवलं. नख अडकलं. गोल, बारीक चर पडला होता. सीलचा ओठ गुळगुळीत पोलादावर तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तिथे चर असेल तर सील कितीही नवं आणि कितीही सरळ असो, तेल वाट काढतंच. आधीच्या गाडीतल्या सीलनं तो चर पाडून ठेवला होता, आणि जॉइंट हलवून शाफ्टची परीक्षा करणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. जुना किंवा दुरुस्त केलेला शाफ्ट घेताना आधी नख फिरवा, जॉइंट नंतर. चर फार खोल नसेल आणि जागा असेल तर सील एखाद-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. मी नवा शाफ्ट घेतला. मन उडालं होतं.

माझं स्पष्ट मत: बूट फाटलेला वेळेत दिसला आणि आवाज सुरू झाला नसेल तर शाफ्ट बदलूच नका. मूळ जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरा, नवा बूट चढवा. स्वस्तातल्या नव्या शाफ्टपेक्षा तो जास्त टिकतो.

आणि टॉर्क रेंच नसेल तर या कामाला हात लावू नका. हबचा (चाकाच्या मध्यावरचा) मोठा नट, बहुतेक गाड्यांत 30 ते 36 मिलिमीटरचा, नेमक्या ताकदीनं आवळावा लागतो. आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा आणि नट नवाच वापरायचा. "अंदाज हातात असतो" म्हणणारे माझ्या नात्यात आहेत. त्यांच्या चाकाच्या बेअरिंगची घरघर मी ऐकलेली आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं: तो नट गाडी जमिनीवर असताना, कोणाला तरी ब्रेक दाबायला लावून सैल करा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. जुनं तेल सोडण्याआधी भरायचा बोल्ट उघडतोय का ते बघा. तो जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. दोन्ही शाफ्ट एकदम काढू नका, काही गिअरबॉक्समध्ये आतली गिअर जागेवरून सरकतात. शाफ्ट बाहेर असताना गाडी चाकांवर उतरवून ढकलू नका, बेअरिंग जातं. कॅलिपर (ब्रेकची पकड) ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. सील सरळ, शाफ्ट गुळगुळीत आणि तरी गळत असेल तर गिअरबॉक्सचा हवेचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारं भोक) तुंबलाय का बघा. हे सगळं साध्या गिअरच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीबद्दल आहे. ऑटोमॅटिकचं मी केलेलं नाही.

वेळेचं विचारलंत. पहिली बाजू अख्खा दिवस खाईल, दुसरी दोन-तीन तासांत होईल. शेवटी गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून ठेवा. माझा पुठ्ठा दोन वर्षं कोरडा आहे, आणि मेव्हणा आला की अजून वाकून बघतो.

पहिलं सील मात्र खरंच थोडं वाकडं बसलं होतं. हे त्याला सांगितलेलं नाही.