लिहून घेतलेला राजीनामा आणि पाळी जाण्याचं वय

प्रश्न: नाशिकरोडच्या एका खासगी अनुदानित शाळेत मी २१ वर्षं कायम शिक्षिका आहे. वय ४९. वर्षभर पाळीचा ताळमेळ नाही, कधी दहा-दहा दिवस अंगावरून जातं, शिकवताना अचानक अंगातून वाफा निघतात. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, स्वच्छतागृह खाली. तास अर्धवट सोडते अशी तक्रार झाली. चार दिवसांपूर्वी सचिवांनी "राजीनामा द्या, नाहीतर चौकशी लावतो" म्हणत समोर बसवून लिहून घेतलं. आता काय करू?

उत्तर: ताई, तुमची नोकरी गेलेली नाही, पण आता एकही दिवस दवडू नका.

खासगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ च्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची रीत ठरलेली आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख. एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःजवळ. शिवाय कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस. सचिवांच्या टेबलावर, दडपणाखाली लिहून घेतलेला कागद या रीतीत बसत नाही. आजच लिहा: "दि. … रोजी चौकशीची भीती घालून घेतलेला राजीनामा माझ्या इच्छेचा नव्हता, तो मी मागे घेत आहे." एक प्रत संस्थेला, एक मुख्याध्यापकांना, एक जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर 'स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह' असं सांगा. आणि उद्या नेहमीच्या वेळी शाळेत जाऊन मस्टरवर सही करा. करू दिली नाही, तर तेही त्याच दिवशी लेखी कळवा. सेवा संपल्याचा आदेश हातात आलाच, तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचं असतं.

ज्या चौकशीला तुम्ही घाबरलात, ती तर तुमची ढाल आहे. तिच्याशिवाय कायम शिक्षिकेला गैरवर्तनाच्या नावाखाली काढता येत नाही, आणि चौकशी समितीच्या तिघांपैकी एक सदस्य तुम्ही नेमायचा असतो. एकवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मूळ त्रास. ब्रिटनमध्ये रजोनिवृत्तीचा तीव्र, दीर्घकाळचा त्रास समानता कायद्याखाली अपंगत्वात धरता येतो आणि मग कामात सोयी करून देणं मालकाला बंधनकारक होतं. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून आहे त्या नियमांतूनच वाट काढायची. दहा दिवस रक्तस्राव हा 'या वयात होतंच' म्हणून सोडायचा विषय नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा आणि दाखला घ्या. त्या दाखल्यावर अर्धपगारी रजा मिळते, ती परिवर्तित करून पूर्ण पगाराचीही होते. तोच दाखला जोडून मुख्याध्यापकांकडे तळमजल्यावरचा वर्ग आणि सलग तासांमध्ये एक मोकळा तास मागा. आजाराचा सगळा तपशील अर्जात लिहायची गरज नाही. 'वैद्यकीय कारण' एवढं पुरे. मात्र दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.