ओढ्याच्या वाटेनं धबधब्याकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातारा तालुक्यातल्या एका धबधब्याकडे आम्ही ओढ्याच्या काठाकाठानं गेलो. सकाळी ओढा ओलांडताना पाणी घोट्याएवढं होतं, दुपारी परतताना तेच मांडीला लागलं. आम्ही होतो तिथे थेंबही पडला नव्हता. मग पाणी आलं कुठून? आणि अशा वेळी ओलांडायचं कसं?
– एक वाचक, कराड

उत्तर : पाणी सड्यावरून आलं. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर या बाजूला डोंगरमाथा म्हणजे जांभ्याचा सपाट कातळ. त्यावर माती आधीच थोडी आणि जुलैपर्यंत तीही भिजून गच्च झालेली. मग पडेल ती सर मुरत नाही, थेट ओढ्याला लागते. माथ्यावर जोराची सर कोसळली की खाली दरीत ऊन असतानाही ओढा फुगतो. म्हणून आपल्या डोक्यावरचं आभाळ पुरेसं नाही, ओढा जिकडून येतो तिकडचा माथा बघायचा. तो काळ्या ढगात गेला असेल तर ओढ्याच्या पलीकडे जाऊच नये.

लोंढा येण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात. नितळ पाणी तांबूस होतं. पालापाचोळा, काटक्या वाहत येतात. आवाज जड होतो आणि तळातले दगड एकमेकांवर आपटल्याची खडखड ऐकू येते. पाणी अचानक कमी झालं तर तेही वाईट, कारण वर कुठेतरी ओंडके अडकून बांध झालेला असू शकतो आणि तो फुटतो. ओढ्याकाठी थांबलात की पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. दगड बुडाला की सामान गोळा करत बसू नका. सरळ काठ चढून वर जा. ओढ्याच्या कडेनं खाली पळू नका, लोंढा त्याच वाटेनं येतो.

आता ओलांडण्याचं. मांडीला लागणारं वाहतं पाणी ओलांडायचं नाही, हे पहिलं उत्तर. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे जोराच्या धारेत गुडघा ही शेवटची मर्यादा धरा. पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल तर तेवढंही नको.

उतार, म्हणजे ओढा ओलांडायची जागा, निवडताना पात्र जिथे रुंद पसरलंय आणि पाणी गोट्यांवरून खळाळतंय, तिथून जा. अरुंद जागा जवळची वाटते, पण पाणी तिथेच खोल आणि ओढीचं असतं. उतारापासून खाली निदान दीडशे पावलं नजर टाका. तिथे कडा, डोह किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडा. आडव्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

बूट काढू नका. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येईल. तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच आधार हलवायचा: काठी किंवा एक पाय. तिघं असाल तर सगळ्यात दणकट माणूस पाणी येतं त्या बाजूला, बाकीचे त्याच्या मागे सॅक धरून, आणि सगळे मिळून आडवे सरका. दोर कमरेला बांधून कुणालाही पाण्यात सोडू नका. पाय निसटला की दोर ताणला जातो आणि पाण्याचा रेटा त्या माणसाला खाली दाबून धरतो. वाहून जायला लागलात तर उताणे व्हा, पाय पुढे आणि बोटं पाण्याबाहेर. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायची धडपड करू नका. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं तर पाणी शरीराला पुढे वाकवतं.

यातलं काहीच नको असेल तर थांबा. डोंगरातले हे ओढे लहान, जसे झपाट्यानं चढतात तसे माथ्यावरची सर थांबली की काही तासांत उतरतातही. त्यासाठी प्रत्येकाच्या सॅकमध्ये बॅटरी, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला कोरडा सदरा आणि एका वेळचं जादा खाणं असू द्या. ओढ्यापाशी उशीर झाला म्हणून केलेली घाई हीच खरी घातक.

प्रश्न : मी लहानपणापासून कृष्णेत पोहतो, पुरातही पोहलोय. धबधब्याखालच्या डोहात उतरायला माझ्यासारख्याला काय हरकत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हरकत आहे, आणि ती तुमच्या पोहण्याबद्दल नाही. धारेखालचं पांढरं फेसाळ पाणी म्हणजे निम्मी हवा. त्यात शरीर नदीच्या पाण्यासारखं तरंगत नाही आणि हात मारला तरी पकड मिळत नाही. वरून कोसळणारी धार तळाशी जाऊन परत धारेकडेच वळते, त्यामुळे तुम्ही बाहेर यायला बघता आणि पाणी तुम्हाला आत ओढतं. शिवाय आपल्याकडचे कडे लाव्ह्याच्या थरांचे. टणक थराखालचा मऊ थर झिजून कपारी होतात, तळाला रांजणखळगे पडतात. वरून त्यांचा अंदाज येत नाही. सूर मारणं तर नकोच, धारेबरोबर दगडही खाली येतात. ऑक्टोबर सरताना धार बारीक होते, तळ दिसतो. तेव्हाही गावकरी उतरतात त्याच बाजूनं, कंबरभर पाण्यापर्यंतच.

प्रश्न : आम्ही आठ जणी पहिल्यांदाच जाणार आहोत. कोणता महिना निवडावा? परवानगी लागते का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याची वाट धरू नका. त्या दिवसांत ठोसेघरला जा, तिथे कठड्यामागून धबधबा सुरक्षित बघता येतो. ओढ्याकाठच्या चालीसाठी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य हे दिवस उत्तम: पाणी असतं, पण नितळ आणि आटोक्यात.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय ओढ्यात शिरणं गुन्हा आहे, आणि गवा-अस्वलांचं रान असल्यानं धोक्याचंही. बाहेरच्या धबधब्यांवरही पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदी घालतं, म्हणून आदल्या दिवशी बंदीची आणि हवामान खात्याच्या इशाऱ्याची चौकशी करा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द.

वेळेचं गणित साधं ठेवा. ओल्या वाटेवर तासाला दीड-दोन किलोमीटरच धरा. धबधबा गाठलेला असो वा नसो, दुपारी दोनला माघारी फिरायचं, हे निघण्याआधीच ठरवा. दाट रानात ढग उतरले की सहालाच अंधारतं.

प्रश्न : मोबाईलवर वाटेचा ट्रॅक असताना गावातला वाटाड्या घ्यायची गरज आहे का?
– एक वाचक, वाई

उत्तर : आहे. ट्रॅक उन्हाळ्यात नोंदवलेला असेल तर तो कोरड्या पात्रातून जातो. पावसाळ्यात तिथे डोह असतो. खोल दरीत जागा दाखवण्यातही चूक होते, आणि कड्याजवळ वीस-तीस मीटरची चूक फार मोठी. गुरं राखणाऱ्या माणसाला यंदा उतार कुठे सरकलाय, कोणती ढोरवाट खचलीय, आग्या मोहोळ कोणत्या कड्याला आहे, हे ठाऊक असतं. पैसे निघण्याआधी ठरवा, त्याच्या जेवणाचा डबा तुमच्याबरोबर घ्या. तो ‘इथून पुढे नको’ म्हणाला की वाद घालू नका.

प्रश्न : जळवांवर उपाय? आणि बूट कोणते?
– एक वाचक, मिरज

उत्तर : विजार मोज्यात खोचा आणि मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा ओलं मीठ चोळा, पावसात ते धुऊन जातं, पुन्हा लावा. जळू चिकटली तर हिसकू नका. बारीक तोंडाच्या बाजूनं नख सरकवून सोडवा, मग जाड टोक. ती रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरू नका, धुऊन दाबून धरा.

बूट मऊ रबरी तळाचे, खोल खाचांचे आणि पाणी निथळून जाईल असे. गमबूट नकोत, पाणी भरलं की पाय उचलत नाही. मात्र हिरव्या-काळ्या शेवाळावर कोणताच बूट टिकत नाही. तिथे बसून, हात टेकून उतरा.