वाचकांचे प्रश्न : टर गायकाची की धंद्याची?

प्रश्न : ‘पॉपस्टार : नेव्हर स्टॉप नेव्हर स्टॉपिंग’ हा २०१६ सालचा अमेरिकी विनोदी चित्रपट नुकताच पाहिला. हसू भरपूर आले, परंतु संगीत उद्योगावरचा उपहासपट म्हणून त्याची जी वाखाणणी होते, ती पटली नाही. एका आत्ममग्न गायकाची टर उडवली म्हणजे त्या उद्योगाची झाडाझडती झाली, असे मानायचे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला आक्षेप निम्मा मान्य आहे. अँडी सॅमबर्ग, अकिवा शॅफर आणि योर्मा टॅकोनी या ‘लोनली आयलंड’ नावाच्या विनोदी त्रिकुटाच्या या चित्रपटाचा नायक कॉनर हा एकेकाळी तिघा मित्रांच्या गटात गाणारा, पुढे एकट्याने नाव कमावलेला आणि दुसऱ्या अल्बमच्या वेळी तोंडावर आपटलेला गायक आहे. त्याची घसरण खोट्या माहितीपटाच्या रूपात दाखवली आहे, आणि उपहासाची खरी धार या रूपातच आहे. जस्टिन बीबर (२०११), केटी पेरी (२०१२) आणि वन डायरेक्शन (२०१३) यांच्यावरचे माहितीपट लागोपाठ चित्रपटगृहांत आले होते. चाहत्यांनी पदरचे पैसे मोडून गायकाची जाहिरात पाहावी, असाच तो मामला होता. तिथला तो ठरवून आणलेला ‘सहजपणा’ या चित्रपटाने हुबेहूब उचलला आहे.

गृहोपयोगी उपकरणांचा प्रसंगही असाच नेमका आहे. एका कंपनीशी करार होतो आणि तिचे कोणतेही उपकरण वापरले की कॉनरचे गाणे वाजू लागते. परिणामी देशभर वीज जाते आणि लोक गायकावर उखडतात. ही अतिशयोक्ती वाटते खरी, पण सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलने यू-टू या रॉक गटाचा नवा अल्बम आयट्यून्स या आपल्या संगीतसेवेच्या सुमारे ५० कोटी खातेदारांच्या संग्रहात न मागता टाकला होता आणि लोकांच्या संतापामुळे तो काढून टाकण्याची वेगळी सोय काही दिवसांतच द्यावी लागली होती. चित्रपटाने फक्त फोनच्या जागी फ्रिज आणला.

माझ्या मते सर्वांत मर्मभेदी आहे ते ‘इक्वल राइट्स’ हे गाणे. समलिंगी विवाहाची बाजू घेणारा कॉनर दर दोन-चार ओळींनंतर, आपण स्वतः समलिंगी नाही, हे घाईघाईने बजावत राहतो. त्यावर ‘बीटल्स’चे रिंगो स्टार शांतपणे लक्षात आणून देतात की असे विवाह आता कायदेशीर आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१५ च्या जूनमध्येच आला होता. लढाई संपल्यावर रणांगणात उतरायचे आणि तिथेही आपली प्रतिमा जपायची, ही त्या धंद्यातली रीत या एका गाण्यात उघडी पडते.

आता आपल्या आक्षेपाकडे वळतो. या चित्रपटात रेकॉर्ड कंपनी जवळजवळ अदृश्य आहे, व्यवस्थापक भला माणूस आहे आणि सगळा दोष अखेर कॉनरच्या डोक्यात गेलेल्या हवेवर ढकलला जातो. जुना मित्र लॉरेन्स याने लिहिलेल्या कडव्याचे श्रेय कॉनरने लाटलेले असते. वास्तविक गाण्याच्या श्रेयनामावलीत नाव असण्या-नसण्यावर वर्षानुवर्षांच्या मानधनाचा हिशेब ठरतो. पण इथे त्या चोरीचे रूपांतर मित्रांच्या रुसव्यात होते आणि माफी मागताच प्रकरण मिटते. हाताशी आलेली सर्वांत मोठी संधी शॅफर आणि टॅकोनी या दिग्दर्शकद्वयीने अशी सोडून दिली आहे. शिवाय मराया कॅरी, अशर, नास, सायमन कॉवेल अशी त्याच उद्योगातली बडी मंडळी स्वतः पडद्यावर येऊन थट्टेत सामील होतात. ज्यांच्या घरी पाहुणचार घ्यायचा, त्यांचे वाभाडे कितीसे काढणार? २००१ सालचा ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’ कमालीचा बटबटीत होता, पण गाण्यांत छुपे संदेश घालून मुलांना खरेदीला लावणारी रेकॉर्ड कंपनीच त्यात खलनायक होती. नेम धरण्याच्या बाबतीत मी त्याला उजवे माप देईन.

तिकीटबारीवर ‘पॉपस्टार’ साफ आपटला. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून त्याला १ कोटीही मिळाले नाहीत. त्याची गाणी मात्र चित्रपट बाजूला ठेवून एकदा ऐकावीत, कारण शब्द वेडगळ असले तरी चाली, ठेका आणि ध्वनिमुद्रण यांत ती त्या काळच्या खऱ्या लोकप्रिय गाण्यांपेक्षा उणी नाहीत. कॉनरचे गाणे खऱ्या गाण्यांच्या यादीत मिसळले तर शब्दांकडे लक्ष जाईपर्यंत ते ओळखू येत नाही, आणि हा टोला गायकाला नव्हे, थेट उद्योगालाच बसतो.