लायसन ‘तीन महिन्यांसाठी रद्द’ होतं का?

एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन तीन महिन्यांसाठी रद्द’ अशी बातमी वाचली. ‘तीन महिन्यांसाठी रद्द’ हे बरोबर आहे का? आणि निलंबित, रद्द, जप्त यांत नेमका फरक काय?

माझ्या मते बरोबर नाही, कारण ‘रद्द’ला मुदत नसते. तिकीट रद्द होतं, सभा रद्द होते, करार रद्द होतो. यातलं काहीच अमुक दिवसांपुरतं रद्द होत नाही. मुदत सांगायची असेल तर शब्द ‘निलंबित’. नोकरीतली जोडी आठवून पाहा: निलंबित झालेला कर्मचारी चौकशी संपली की कामावर परत येऊ शकतो, बडतर्फ झालेला घरी जातो. ‘तीन महिन्यांसाठी बडतर्फ’ असं कोणी म्हणत नाही.

‘निलंबन’मधला ‘लंब्’ हा धातू लोंबण्याचा, टांगण्याचा. लंबक, अवलंबून, प्रलंबित ही सगळी त्याचीच भावंडं. टांगून ठेवलेली वस्तू खुंटीवरून पुन्हा काढून घेता येते, म्हणून निलंबनात परतीची वाट उघडी असते. ‘रद्द’ मात्र अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ परत फिरवणे, नाकारणे. ‘जप्त’ही अरबीच, अर्थ ताब्यात धरणे. जप्तीत कागद दुसऱ्याच्या हातात जातो, पण त्यावरचा हक्क तेवढ्यानेच संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 मध्ये हे छान दिसतं: आरोपी समन्स चुकवील अशा शंकेने पोलिसांनी लायसन ठेवून घेतलं, तर त्याची तात्पुरती पोच द्यावी लागते, आणि पोचेवरच्या तारखेपर्यंत त्या कागदावर गाडी चालवता येते.

या शब्दांच्या सरमिसळीने माणसाचं नुकसान कसं होतं ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या गल्लीतले एक टेम्पोवाले आरटीओतून आलेलं पत्र घेऊन माझ्याकडे आले. ‘दादा, लायसन रद्द झालं. आता नवीन शिकाऊ काढायला टाकतो.’ पत्रात ‘रद्द’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘तीन महिन्यांच्या कालावधीकरिता अनुज्ञप्ती धारण करण्यास अनर्ह’ असं होतं. ‘अनर्ह’ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचला होता. मी त्यांना थांबवलं, कारण अनर्ह असताना गाडी चालवणं तर गुन्हा आहेच, पण नव्या लायसनसाठी अर्ज करणं हाही कलम 182 खाली गुन्हाच आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. रद्द झालंय असं समजून माणूस सरळ मनाने अर्ज भरायला जातो आणि तिथेच अडकतो. आदेशावर अपील करायला 30 दिवस असतात, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

‘अनर्ह’ म्हणजे अपात्र. बातम्यांत आमदार ‘अपात्र’ ठरतात, तोच हा अर्थ. माणूस अनर्ह ठरतो, लायसन निलंबित होतं: गोष्ट एकच, कर्ता वेगळा. कलम 19 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने दोन पायऱ्या स्पष्ट झाल्या. दारू, धोकादायक वेग, हेल्मेट नसणं अशा गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन पुढे पाठवलं, तर म्हणणं ऐकून घेऊन परवाना अधिकारी पहिल्या वेळी तीन महिने अनर्ह ठरवू शकतो. दुसऱ्या वेळी लायसन रद्द करू शकतो. म्हणजे बातमीतल्या गड्याचं लायसन निलंबित झालं असणार.

आता ‘परवाना’. बोलताना लायसनला परवाना म्हणायला माझी काहीच हरकत नाही; मी वर ‘परवाना अधिकारी’ लिहिलंच आहे. पण महाराष्ट्रात परिवहन खात्याच्या कागदांवर लायसन म्हणजे अनुज्ञप्ती आणि परमिट म्हणजे परवाना. रिक्षावाल्याकडे दोन्ही असतात, शिवाय बॅज. म्हणून ‘रिक्षाचालकाचा परवाना रद्द’ एवढंच छापलं तर त्याचं काय गेलं ते कळत नाही. परमिट गेलं असेल तर तो दुसऱ्याची रिक्षा चालवू शकेल. लायसन गेलं असेल तर स्वतःची उभी रिक्षासुद्धा रस्त्यावर आणू शकणार नाही. अशा ठिकाणी सरळ ‘लायसन’ किंवा ‘परमिट’ लिहावं. दोन्ही शब्द मराठीत केव्हाचे रुळले आहेत.

असाच घोळ ‘एसटी चालक निलंबित’ या मथळ्यात होतो. तिथे निलंबन नोकरीचं असतं, महामंडळाने केलेलं. त्याचं लायसन खिशात शाबूत असू शकतं. दोन्ही झालं असेल, तर दोन वाक्यं लिहावीत.