दाढीवरून ओघळणाऱ्या तेलाचा ऐक्याशी काय संबंध?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाला कॅथलिक मित्राच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेलात, फादरनी बाळाला दोनदा तेल लावलेलं पाहिलंत. मग जेवणाआधी कुणीतरी बायबलमधून वाचलं की भावाभावांनी एकोप्यानं राहणं म्हणजे दाढीवरून ओघळणारं तेल. यात ऐक्य कुठं आलं, हे काही तुम्हाला उलगडेना. शिवाय मोबाइलवर ‘अभिषेकाचं तेल’ विकणाऱ्या जाहिराती येऊ लागल्यात, ती बाटली मित्राला भेट द्यावी का? आणि त्याच्या बहिणीच्या रोसाला, म्हणजे लग्नाआधीच्या नारळाच्या रसाच्या न्हाणाला, हिंदूनं गेलेलं चालतं का?

मी नगरकडचा मराठी प्रोटेस्टंट, बायको बार्देशातली कॅथलिक. त्यामुळे तेलाचा विषय आमच्या घरात दोन्ही बाजूंनी निघतो.

आधी दाढी. जे वाचलं गेलं ते स्तोत्र १३३, अवघ्या तीन ओव्यांचं. सणासाठी यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची जी गाणी आहेत, १२० ते १३४, त्यांतलं हे शेवटून दुसरं. इस्राएलाच्या बारा वंशांतली, वेगवेगळ्या गावांची, जुनी भांडणं असलेली माणसं एका वाटेला लागलेली, हा त्याचा संदर्भ. दाढी आहे अहरोनाची, म्हणजे मोशेच्या भावाची, इस्राएलाच्या पहिल्या प्रमुख याजकाची. त्याच्या डोक्यावर ओतायच्या तेलाची कृती निर्गम पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मापासकट दिली आहे: बोळ ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी वेत २५०, तज ५००, आणि एक हिन जैतुनाचं तेल. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर एकूण सोळा किलोंच्या वर मसाला होतो, आणि तेल मोजून काही लिटर. वास किती उग्र असेल! हे तेल टिकलीएवढं लावत नसत, डोक्यावर ओतत. ते दाढीवर येणार, तिथून अंगरख्यावर उतरणार आणि वास बाजूला उभ्या असलेल्या प्रत्येकापर्यंत जाणार.

माझ्या मते सगळी गंमत त्या अंगरख्यात आहे. याजकाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न असे आणि प्रत्येकावर सहा वंशांची नावं कोरलेली. छातीवरच्या ऊरपटात बारा रत्नं, एकेका वंशाचं एकेक नाव. स्तोत्र खांद्यांचा उल्लेख करत नाही, पण दाढीवरून कपड्यावर उतरणाऱ्या तेलाची वाट त्या नावांजवळूनच जाते. अभिषेक एकाचा झाला आणि त्याच्या अंगावर नावं सगळ्यांची होती. बारा वंशांना बारा वेगळ्या कुप्या मिळाल्या नाहीत. त्यांचं आपसांत पटत होतं म्हणून हे घडलं, असंही नाही; पुढे तर राज्याचे दोन तुकडे झाले, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. म्हणून मला तिसरी ओवी जास्त धीट वाटते. त्यात हर्मोनाचं दव सियोनेच्या डोंगरांवर उतरतं. हर्मोन उत्तर टोकाला, २,८०० मीटरहून उंच. सियोन म्हणजे यरुशलेमेचा डोंगर, दक्षिणेत, दोनशेएक किलोमीटर लांब. एवढ्या अंतरावर दव काही प्रवास करत नाही, आणि कवीला ते ठाऊक असणारच. उन्हाळ्यात जिथं महिनोन्‌महिने पाऊस नसतो तिथं दवाची किंमत काय असते, हे आपल्याला कळणं कठीण. गोव्यात जूनपासून कपडे वाळत नाहीत म्हणून आपण रडत असतो. तेल असो की दव, दोन्ही वरून खाली येतं, आणि खालच्यांनी त्यासाठी काही कमावलेलं नसतं.

आता तुम्ही पाहिलेलं तेल. पहिल्यांदा छातीला लावलं असेल, ते दीक्षार्थींचं, म्हणजे बाप्तिस्मा घेणाऱ्यांचं तेल. पाणी घातल्यावर टाळूला लावलं ते क्रिस्मा, त्यात सुगंधी बाल्सम मिसळलेला असतो. तिसरं आजाऱ्यांचं, ते बाप्तिस्म्यात येत नाही. ही तिन्ही तेलं विगार, म्हणजे गावचा पाद्री, आपल्या इगर्जेत (चर्चमध्ये) तयार करत नाही. पवित्र सप्ताहात किंवा त्याच्या आसपास बिशप खास मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) करतात, धर्मप्रांतातले पाद्री तिथं जमतात, आपली वचनं पुन्हा उच्चारतात, आणि बिशप क्रिस्म्याच्या भांड्यावर फुंकर घालून ते पवित्र करतात. तिथून ते तेल वाटून घेऊन प्रत्येक जण आपापल्या गावी नेतो. म्हणजे म्हापशाच्या बाळाच्या टाळूवरचं आणि काणकोणातल्या बाळाच्या टाळूवरचं तेल एकाच मिस्सेतलं. हेच क्रिस्मा पुढे दृढीकरणात कपाळाला, पाद्रीच्या दीक्षेत तळहातांना, नव्या वेदीला लावतात. ऐक्याचं प्रतीक म्हणून मला तरी प्रवचनापेक्षा ही वाटणी जास्त पटते.

तेल जैतुनाचंच हवं असा पूर्वी कडक नियम होता. जगात सगळीकडे ते मिळत नाही म्हणून पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली आजाऱ्यांच्या तेलासाठी दुसऱ्या वनस्पतीचं तेलही चालेल अशी मुभा दिली. आमच्याकडे सासूबाईंचं मत आहे की मग खोबरेलाला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

आता थोडं कडू. एकाच क्रिस्म्याखालून गेलेली माणसं गोव्यात एकोप्यानं राहिली का? सगळीकडे नाही. कित्येक गावांत कोंफ्रारिया, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळ्या, जातीवर बांधलेल्या होत्या. कुणी लाल झगा घालायचा, कुणी निळा, फेस्त कुणी करायचं, यावरून वाद झाले, काही कोर्टापर्यंतही गेले. आणि गोव्याचे आर्चबिशप आलेइशु द मिनेझिस यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरची धर्मसभा घेऊन तिथल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांवर लॅटिन शिस्त लादली, त्याचा स्फोट १६५३ च्या वाकड्या क्रुसाच्या शपथेत, म्हणजे त्या लादलेल्या अधिकाराविरुद्धच्या बंडात, झाला. ती फूट अजून भरलेली नाही. रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आल्वारिस मार ज्युलियस यांची कबर आहे. वेर्ण्याचा हा माणूस आधी कॅथलिक पाद्री होता, १८८९ मध्ये त्या फुटलेल्या सुरियानी परंपरेतल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चचा बिशप झाला, १९२३ मध्ये वारला. त्या चर्चचं पवित्र तेल, मूरोन, त्याचे प्रमुख म्हणजे कॅथोलिकोस पवित्र करतात, इतर कुणी नाही. तत्त्व तेच, एका हातून सगळ्यांना. फक्त हात वेगळा.

आम्हा प्रोटेस्टंटांत बाप्तिस्म्याला नुसतं पाणी. तरी सहा चर्चेस एकत्र येऊन १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही तेलावाचून, हे मी बायकोला अधूनमधून ऐकवतो. ती उलट विचारते की मग मिस्सेत कम्युन्यन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायची वेळ आली की तू बाकावर का बसून राहतोस? माझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, लग्नाला पुन्हा घ्यावा लागला नाही. भाकर मात्र अजून एक नाही. याला मी ऐक्य म्हणणार नाही. पण नातं तुटलेलंही नाही. स्तोत्रात ‘बंधू’ म्हटलंय, मित्र नव्हे, आणि भाऊ काही निवडून मिळत नाहीत.

बाटलीबद्दल. गोव्यात ज्यांना ‘बिलिव्हर’ म्हणतात त्या पेंटेकोस्टल मंडळींत तेल लावून प्रार्थना खूप चालते. त्याला आधार आहे: याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलावावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं म्हटलंय. पण तिथं माणसं घरी येतात, तेल कुरियरनं येत नाही. ‘मोशेच्या मूळ कृतीनुसार’ असं लिहिलेलं असेल तर त्याच अध्यायात तसं तेल घरी बनवून वापरणाऱ्याला समाजातून काढून टाका असा हुकूम आहे, तेवढं विक्रेत्याला विचारून पाहा. मित्राला दुसरं काहीतरी द्या. बाळाला टोपी-मोजे कधीही चालतात.

रोसाला जरूर जा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला तिच्या घरी आणि नवऱ्याला त्याच्या घरी नारळाचा रस आणि खोबरेल लावून न्हाऊ घालतात; आधी आईवडील, मग नातेवाईक, शेजारीपाजारी. हा संस्कार चर्चचा नाही, पाद्रीची गरज नाही. आपल्या हळदीचंच भावंड म्हणा. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानात लग्नाआधी वधूवरांना असलं काही चोळायला मनाई होती, तरी लोकांनी ते सोडलं नाही. क्रिस्मा वरून एका हातानं येतं, रोस चारी बाजूंनी, आणि त्यात तुमचाही हात चालतो. बोटं बुडवून कपाळाला, गालाला, हातांना लावा, मनात आशीर्वाद द्या, लाजू नका. मात्र नवा सदरा घालून जाऊ नका. धेडो-धेडी (नवरानवरीचे करवला-करवली) आणि पोरंटोरं उरलेला रस पाहुण्यांवर ओततात, आणि खोबरेलाचे डाग जात नाहीत.