जेलभोवती वलय उमटत नाही

प्रश्न : जखमेवर लावायच्या अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनच्या) जेलमध्ये जिवाणू मारायला चांदीचे नॅनोकण घातले, पण स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या प्लेटवर जेलच्या चकतीभोवती वलय (जिवाणू न वाढलेला पट्टा) जेमतेम १ मिमी. जेल वाया गेलं का?

उत्तर : लगेच टाकू नका. नॅनोकण अगारमध्ये (प्लेटवरच्या घट्ट माध्यमात) फारसे सरकत नाहीत. त्यांतून सुटलेले चांदीचे आयन माध्यमातल्या क्लोराइड आणि प्रथिनांत अडकतात. चकती उचलून पाहा. बिनचांदीच्या चकतीखाली वाढ आहे आणि इथे नाही, तर चांदी काम करते आहे. खरी मोजणी जेल जिवाणूंच्या द्रवात ठेवून करा: मिलीलिटरला १० लाख जिवाणू, ३७ अंश, २४ तास. मग सोडियम थायोग्लायकोलेटने चांदी निष्प्रभ करूनच वसाहती मोजा. नाहीतर ती प्लेटवरही मारत राहते, आकडा फसवा येतो. कॅल्शियम क्लोराइडने जेल घट्ट केलं असेल, तर आधी नीट धुवा; उरलेलं क्लोराइडही चांदी अडकवतं. चांदी वाढवण्याची घाई नको! एल-९२९ पेशी (विषारीपणा तपासायच्या उंदराच्या पेशी) ७० टक्क्यांहून कमी जगल्या, तर ते जेल जखमेवर चालणार नाही.